आधी दवाखाना किती लांब ते बघा, मग पॉलिसी

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतून एका ताईंनी विचारलंय: घरात आठ महिन्यांची लॅब्रॅडोर मादी आहे आणि पाचेक वर्षांचा गावठी वाघ्या. मुंबईचा मुलगा मोबाइलवर तीन-चार कंपन्यांचे हप्ते ताडून बघतोय आणि म्हणतोय, "आई, सगळ्यात स्वस्त ती घेऊन टाकू." घ्यावी का, कुठली घ्यावी, आणि गावठीचा विमा निघतो तरी का?

ताई, मी विमा विकत नाही. मी जनावरांचा डॉक्टर. सत्तावीस वर्षं सिंधुदुर्गात गुरं आणि कुत्री बघतोय, आणि गेली काही वर्षं क्लेमच्या कागदांवर सह्या करतोय. सुरुवातीला कुत्र्याच्या विम्याचा विषय काढला की लोक हसायचे. एका आजोबांनी तर सरळ विचारलं होतं, "डॉक्टरांनू, घरातल्या माणसांचो विमो काढूक अजून जमूक नाय, आणि कुत्र्याचो खंय काढतास?" आता त्यांचाच नातू पॉलिसीची पीडीएफ पाठवून "काका, यात गोचीडताप बसतो का" असं विचारतो.

गावठीचं आधी सांगून टाकतो. हो, निघतो. जातिवंत, मिश्र, देशी अशा सगळ्याच कुत्र्यांना घेणाऱ्या पॉलिसी आहेत. पेडिग्रीचा कागद नाही म्हणून वाघ्याला कोणी नाकारणार नाही. नाकारलं तर वयामुळे. काही पॉलिसींमध्ये नव्याने विमा घ्यायची मर्यादा सात वर्षांच्या आसपास असते, ग्रेट डेनसारख्या राक्षसी जातींना त्याहून बरीच कमी, आणि कुत्रा दहाच्या घरात गेला की नूतनीकरण थांबतं. म्हणजे म्हातारपणी, जेव्हा खरा खर्च असतो, तेव्हा विमा हात सोडतो. वाघ्या पाच वर्षांचा आहे, त्याच्यासाठी विचार करायचा तर याच वर्षी करा.

मुलगा हप्ता बघतोय. मी म्हणेन, त्याने आधी नकाशा बघावा. तुमच्या वाडीपासून कुत्र्याला रात्रभर ठेवून घेणारा दवाखाना किती लांब आहे? आपल्याकडे कुत्रं आजारी पडलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर घरी येतो, पडवीत खुंटीला सलाईनची बाटली अडकवतो, दोन इंजेक्शनं देतो, आणि "संध्याकाळी फोन करा" म्हणून निघतो. उद्या परत सलाईन, परवा परत. कुत्रं बरं होतं. पण विम्याच्या भाषेत ते "भरती" झालेलंच नसतं.

बहुतेक पॉलिसींचा गाभा असतो शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातला खर्च. त्या वेळी बजाज अलियान्झ नावाने चालणारी विमा कंपनी २०२० मध्ये कुत्र्याचा विमा घेऊन आली, तेव्हा त्यातही मूळ संरक्षण शस्त्रक्रिया-रुग्णालयाचंच होतं. ओपीडी, मृत्यू, चोरी किंवा हरवणं, दुसऱ्याला झालेली इजा ही सगळी वरून निवडून घ्यायची कलमं. शहरात हे चालतं. तिथे जनावरांची रुग्णालयं आहेत, कुत्रं दोन रात्री पिंजऱ्यात राहतं, बिलावर "दाखल" आणि "सोडले" अशा दोन तारखा येतात. आपल्याकडे मोठी शस्त्रक्रिया म्हटली की म्हापसा-पणजीकडे जा नाहीतर घाट चढून कोल्हापूरला, आणि पावसात घाटात दरड आली असेल तर तेही नाही. तेव्हा पॉलिसी उघडल्यावर सर्वांत आधी "भरती" या शब्दाची व्याख्या शोधा. सलग २४ तास रुग्णालयात, अशी अट असेल आणि ओपीडीचं कलम घेतलेलं नसेल, तर इथल्या कुत्र्यांच्या दहापैकी आठ दुखण्यांना ती पॉलिसी हात लावणार नाही. दहापैकी आठ हा माझ्या केसपेपरांच्या गठ्ठ्यावरचा अंदाज, कुठल्या अभ्यासातला आकडा नव्हे.

आता इथली दुखणी कुठली, ते बघू. पुण्यातल्या लॅब्रॅडोरला जो विमा ठीक, तो वेंगुर्ल्यातल्या लॅब्रॅडोरला ठीक असेलच असं नाही, त्याचं कारण या दुखण्यांत आहे.

पहिली गोचीड. आपल्या दमट हवेत बाराही महिने. गोचीडतापात, म्हणजे एहर्लिकिया किंवा बबेसियामध्ये, कुत्रं खायचं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्ताची तपासणी, प्लेटलेट, मग एहर्लिकिया असेल तर डॉक्सीच्या गोळ्या साधारण चार आठवडे, मध्ये परत रक्त. यात भरती नाही, शस्त्रक्रिया नाही. सगळा खर्च ओपीडीचा. शिवाय गोचीडताप दबून राहतो आणि वर्षभराने पुन्हा डोकं काढतो. तेव्हा कंपनी विचारते, "हा आधीचाच आजार ना?" म्हणून वाघ्याची पॉलिसी काढण्याआधी त्याची रक्ततपासणी करून घ्या आणि रिपोर्ट जपून ठेवा. पाच वर्षं बागेत हिंडलेला कुत्रा आहे. रक्तात काही निघालं तर आधी उपचार करू आणि ते अर्जात खरं लिहू. लपवलेलं पुढे निघालं तर एक क्लेम जाऊन भागत नाही, पॉलिसीच जाऊ शकते.

दुसरा लेप्टो. भातलावणीच्या दिवसांत माणसांना होतो तोच. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून कुत्र्यात, आणि कुत्र्याच्या मुतातून तुमच्यापर्यंत, त्यामुळे काविळीने पिवळ्या पडलेल्या कुत्र्याखालचं पुसताना हातमोजे घाला. यात मूत्रपिंडं आणि यकृत दोन्ही धरली जातात, सलाईन पाच-सहा दिवस चालतं, खर्च मोठा. विम्याच्या दृष्टीने गोम अशी की लेप्टो हा "लसीने टळणारा आजार" आहे. लस चुकली असेल तर क्लेम मिळत नाही. लस दिलेली असली तरी ती लेप्टोच्या मोजक्याच प्रकारांवर चालते, म्हणजे लस घेतलेल्या कुत्र्यालाही लेप्टो होऊ शकतो. तशा वेळी तुमची बाजू एकच वस्तू धरते: लसीचं कार्ड, त्यावर बाटलीचं स्टिकर, तारीख, सही आणि शिक्का. लेप्टोच्या लसीचा जोर जेमतेम वर्षभर टिकतो, म्हणून मी ती मे महिन्यात देतो. मे चुकला की लोक गणपतीत आठवण काढतात, तोवर पाऊस संपत आलेला असतो.

पॉलिसीच्या तारखेचंही तसंच. आजारांसाठी सुरुवातीचे काही दिवस, बहुतेक ठिकाणी महिनाभर, संरक्षण लागू नसतं. ७ जूनच्या आसपास पाऊस सुरू होतो. जूनच्या मध्यावर पॉलिसी घेतलीत तर लेप्टोचा पहिला महिना-सव्वा महिना उघड्यावर गेला. एप्रिलमध्ये घेतलीत तर मृगाच्या आधी तो काळ सरतो.

तिसरं दुखणं लॅब्रॅडोरवाल्यांसाठी खास: बाठा, म्हणजे आंब्याची कोय. हसू नका. आंब्याच्या दिवसांत माझ्याकडे उलट्या करणारी लॅब्रॅडोर येते तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, "आंबे कुठे खाल्ले?" रायवळचा बाठा लहान आणि बुळबुळीत, ती अख्खाच गिळते. पोटातून पुढे सरकतो आणि आतड्यात अडकतो. चार दिवस उलट्या, पाणीही टिकत नाही, एक्स-रेत बाठा नीट दिसत नाही, सोनोग्राफी करावी लागते, आणि शेवटी पोट उघडावं लागतं. याच घटनेसाठी विमा असतो: अचानक, महाग, जगण्या-मरण्याची, आणि एका शस्त्रक्रियेत मोकळी होणारी. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांत बाठ्याच्या जागी गळ येतो. रापणीनंतर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून झाल्यावर, वाळूत पडलेला मासा गळासकट गिळलेला. त्याच वाळूवर केंड, म्हणजे फुगणारे विषारी मासे, तेही फेकलेले असतात. केंडाचं विष फार वाईट, अंग लुळं पडतं आणि श्वास थांबतो, तिथे विमा काय नि डॉक्टर काय, फार थोडं करता येतं. रापण ओढतात त्या वेळी कुत्र्याला साखळी घाला.

आणि साप. यावर जरा थांबतो, कारण लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. घोणस आणि फुरसं, आपल्या गडग्यांत आणि कातळावर ही दोन नेहमीची. कुत्रं हुंगायला जातं, त्यामुळे दंश नाकावर किंवा पुढच्या पायावर. थोबाड फुटबॉलसारखं सुजतं. लोकांना वाटतं, लहान कुत्रं, औषध कमी लागेल. उलटं आहे. सर्पविषरोधक लस शरीरात शिरलेल्या विषाच्या प्रमाणात द्यावी लागते, कुत्र्याच्या वजनाच्या नाही. पूर्ण वाढलेल्या घोणशीने दहा किलोच्या कुत्र्यात जेवढं विष सोडलं, तेवढंच ती माणसात सोडते. बाटल्या माणसाच्याच, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणाऱ्या. सरकारी दवाखान्यातला साठा माणसांसाठी राखलेला, त्यामुळे आपल्याला बाहेरून विकत घ्यायच्या, रात्री अकरा वाजता मिळतील तिथून. दोन बाटल्यांत भागेल की दहा लागतील, हे विषच ठरवतं.

म्हणून कंपनीला ईमेलवर, लेखी, एक प्रश्न विचारा: सर्पदंश तुम्ही अपघात धरता की आजार? अपघात धरला तर सहसा महिनाभराची वाट बघावी लागत नाही, मर्यादाही वेगळ्या असतात. दुसरा प्रश्न: दाखल न करता घरी किंवा दवाखान्यात दिलेल्या लसीच्या बाटल्यांचे पैसे मिळतील का? फोनवरचा पोरगा "हो सर, सगळं कव्हर आहे" म्हणेल. फोनला किंमत नाही. ईमेलवर उत्तर आलं तर ते छापून पॉलिसीच्या कागदाला टाचून ठेवा. उत्तर आलंच नाही, तर तेही उत्तरच समजा.

बिबट्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण खळ्यात झोपणाऱ्या वाघ्यासाठी विचारायला हवं होतं. बिबट्या कुत्रं नेतो तेव्हा मागे साखळी उरते, फार तर रक्ताचा माग. मृत्यूचा दावा करायचा तर पशुवैद्यकाचा दाखला किंवा शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि शवच नाही. हरवल्याचा दावा करायचा तर पोलिसांत नोंद लागते, शोध घेतल्याचा पुरावा लागतो. वाघ्या या दोन कलमांच्या मधल्या फटीत सापडतो. खळ्यातून बिबट्याने कुत्रा नेला तर ते मृत्यूत बसतं की हरवण्यात, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि रात्री त्याला आत घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

आता कागदांविषयी. क्लेम बुडताना मी पाहिलेत ते बहुतांशी आजारामुळे नाही, कागदामुळे बुडालेत. त्यातला एक माझ्यामुळे. एका जर्मन शेफर्डच्या कानाला मोठा गळू झाला होता, भूल देऊन फोडावा लागला. केसपेपरवर मी सवयीने लिहिलं, "मालकाच्या म्हणण्यानुसार गेल्या पावसाळ्यापासून कान हलवतो." पॉलिसी दिवाळीतली. कंपनीने तेवढं एक वाक्य उचललं आणि आजार आधीपासूनचा म्हणून क्लेम नाकारला. कान हलवणं आणि गळू या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, पण मी त्या एका ओळीत लिहिल्या होत्या. पुढे वर्षभर ते गृहस्थ दिसले की मीच रस्ता बदलायचो. तेव्हापासून मालकाने सांगितलेलं आणि मी तपासून पाहिलेलं वेगवेगळं लिहितो. तुम्हीही डॉक्टरला हकीकत सांगताना "कधीपासून तरी असंच आहे" असं मोघम बोलू नका. आठवून सांगा: सोमवारी सकाळी जेवली, रात्रीपासून नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दरवर्षी एक-दोन जण हळूच विचारतात, "तारीख जरा पुढची टाकता का?" नाही टाकत. माझा नोंदणी क्रमांक त्या कागदावर असतो.

नोंदणीवरून आठवलं. कंपनीला बिल लागतं ते नोंदणीकृत पशुवैद्यकाचं, म्हणजे पदवीधर आणि राज्य पशुवैद्यक परिषदेत नाव असलेल्या डॉक्टरचं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा, तो इथे आडवा येतो. आपल्या गावांत पहिला धावून येतो तो बऱ्याचदा पशुधन पर्यवेक्षक नाहीतर डिप्लोमा केलेला खासगी माणूस. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, कित्येक गाई त्यांनी वाचवल्यात. पण त्यांच्या सहीच्या चिठ्ठीवर कुत्र्याचा क्लेम पास होत नाही. तेव्हा पॉलिसी घेण्याआधीच तुमच्या जवळच्या डॉक्टरला विचारा: लेटरहेडवर नोंदणी क्रमांकासह बिल देता का? वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही. न देणारे असतील तर विम्याचा हप्ता पाण्यात.

औषधाच्या दुकानाची पावती पक्की हवी, त्यावर कुत्र्याचं नाव आणि डॉक्टरचं नाव. लॅबचा रिपोर्ट तर आवर्जून बघा. इथल्या लॅब माणसांच्या. त्या वरती मालकाचं नाव टाकतात आणि वयाच्या रकान्यात मालकाचंच वय. एका पॉमेरेनियनच्या रिपोर्टवर "पुरुष, ५४ वर्षे" असं मी स्वतः पाहिलंय. रक्त देतानाच सांगा: कुत्रा, नाव अमुक, चिप क्रमांक तमुक.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडायची, पंधरा आकडी क्रमांक. गुरांच्या विम्याचा कानातला बिल्ला तुम्ही बघितलाय ना? बिल्ला नाही तर क्लेम नाही, तेच तत्त्व. तांबड्या गावठी कुत्र्याचे फोटो चारी बाजूंनी काढले तरी तो वाडीतल्या दुसऱ्या तांबड्या गावठीसारखाच दिसतो. कंपनीने "हा तोच कुत्रा कशावरून" विचारलं तर चिप बोलते. काही कंपन्या चिप असेल तर हप्त्यात थोडी सूटही देतात.

गुरांच्या विम्यावरूनच आणखी एक. न्यू इंडिया किंवा ओरिएंटलसारख्या सरकारी कंपन्यांचा कुत्र्याचा जुना विमा मुळात मृत्यूचा विमा आहे, गाईच्या विम्याचा धाकटा भाऊ म्हणा. कुत्रं गेलं तर पैसे. उपचाराला तो विमा नव्हे. हप्ता कमी दिसतो म्हणून मुलाने तो निवडला असेल तर थांबवा. महागडं पिल्लू विकत घेणाऱ्याला किंवा पैदास करणाऱ्याला त्याचा उपयोग. तुमच्या घरातलं जनावर तुम्हाला जगवायचंय, त्याच्या मरणाची किंमत वसूल करायची नाहीये.

आता पैशांचा हिशेब. समजा बाठ्याची शस्त्रक्रिया झाली आणि एकूण २२,००० खर्च आला. त्यात जाण्यायेण्याची गाडी ३,०००, खास खाद्य १,०००, आधीच्या तीन दिवसांची ओपीडी ४,०००. हे ८,००० बहुधा बाजूला काढले जातील. उरले १४,०००. पॉलिसीत तुमचा वाटा २० टक्के असेल तर त्यातले २,८०० तुमचे. हातात ११,२००, म्हणजे साधारण निम्मे. ते मिळाले तरी वाईट नाहीत, पण "५०,००० चा विमा आहे" या भरवशावर राहिलात तर दुखेल. वरून काही पॉलिसींत एका शस्त्रक्रियेला किंवा एका दिवसाला ठरावीक मर्यादा असते. ५०,००० हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येतो, मर्यादा आतल्या पानावर बारीक. मुलाला सांग, म्हणजे सांगा, स्वस्त-महाग ठरवण्याआधी हे २२,००० चं गणित प्रत्येक पॉलिसीच्या अटी लावून करून बघ. अर्ध्या तासाचं काम आहे.

लॅब्रॅडोरबाबत एक कलम मुद्दाम बघा: जन्मजात आणि आनुवंशिक दोष. लॅब्रॅडोरचा खुबा ढिला असणं, म्हणजे हिप डिस्प्लेझिया, हा जातीचाच दोष. पुष्कळ पॉलिसी तो सरळ वगळतात. पिल्लू आत्ता आठ महिन्यांचं आहे. उठताना मागचा भाग जड जातो का, पळताना सशासारखे दोन्ही पाय एकदम टाकते का, ते बघा. कलम वगळलेलं असेल तर विमा घेऊ नका असं नाही, पण त्या खर्चाची सोय वेगळी करावी लागेल. नसबंदी, लस, जंताचं औषध, बाळंतपण, दातांची सफाई हेही बहुतेक ठिकाणी बाहेरच.

तुमच्याकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ. वाघ्या रात्री खळ्यात असतो, पाहुणा पहाटे उठून समुद्रावर निघतो, वाघ्याला तो अनोळखी. चावला तर इंजेक्शनांचा खर्च, वाघ्या आडवा आल्याने गाडीवाला पडला तर त्याचा खर्च, आणि जनावर सांभाळण्यात हयगय केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेतून कुठलाच विमा सोडवत नाही. पण दुसऱ्याला झालेल्या इजेच्या भरपाईचं कलम काही पॉलिसींत वरून घेता येतं, आणि तुमच्या घरासाठी ते मी ओपीडीच्याही आधी घेईन. अट वाचा मात्र: खोल्या भाड्याने देणं हा त्यांना व्यवसाय वाटला तर कलम लागू राहतं का, तेही त्याच ईमेलात.

माझा निर्णय विचारलात तर दोघांसाठी वेगळा आहे. चेरीसाठी पॉलिसी घ्या (नाव तुम्हीच लिहिलंय, लॅब्रॅडोरला ते शोभतं), शस्त्रक्रिया आणि ओपीडी दोन्ही असलेली. ती लहान आहे, निरोगी आहे, अजून कुठला आजार कागदावर नाही, आणि आंब्याचं झाड दारात आहे. वाघ्यासाठी फक्त दुसऱ्याच्या इजेचं कलम वेगळं मिळालं तर घ्या. न मिळाल्यास महिना ५०० चं आरडी बँकेत नाहीतर पतसंस्थेत त्याच्या नावाने चालू करा. वर्षाला ६,०००, तीन वर्षांत १८,००० आणि वर व्याज. गोचीडताप, जखमा, खरूज या त्याच्या नेहमीच्या दुखण्यांना तेच पैसे बिनबोभाट कामी येतात, आणि दहाव्या वर्षी ते आरडी "आता तुमचं वय झालं" असं म्हणत नाही. चेरीचीही सगळी भिस्त विम्यावर नको. आपल्याकडे कॅशलेसची सोय जवळपास नाहीच, आधी तुम्ही भरायचे आणि मग मागायचे, म्हणजे दहा-पंधरा हजार घरात हवेतच.

कळवायची मुदत चुकवू नका. कुत्रं आजारी पडलं की एक-दोन दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. वाडीत रेंज नसते ही सबब चालत नाही, मुलाला मुंबईतून ईमेल करू दे. क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार घाला किंवा विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे फी नाही आणि वकील लागत नाही, पण नकार आल्यापासून वर्षभराच्या आत जायला हवं.

आणि मुलाने पॉलिसीचं बटण दाबण्याआधी दोघांना एकदा तपासणीला आणा. चिप दोघांना बसवू, वाघ्याचं रक्त घेऊ, चेरीचे खुबे बघू, निरोगी असल्याचा दाखला लिहून देतो. सकाळी लवकर आणा, दुपारी दवाखान्यात गुरांची गर्दी असते. वाघ्याच्या तोंडाला पट्टी घरूनच बांधून आणा, मागच्या खेपेला माझ्या कंपाउंडरला त्याने पळवलं होतं.